इलेक्शनच्या दिवसांत मंडळीत भांडण झालं तर काय करायचं

मंडळी म्हणजे आमच्या चर्चमधली माणसं. आधी काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कुठून आलं ते कळेल. २०२४ ची लोकसभा, आमचं इंदूर. २९ एप्रिलला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला, मग काँग्रेसवाले म्हणायला लागले की नोटा, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही'चं बटण, दाबा, आणि १३ मेच्या मतदानात नोटाला २,१८,६७४ मतं पडली, तोपर्यंत देशात कुठेच नोटाला एवढी मतं पडली नव्हती. भाजपचे उमेदवार पावणेबारा लाखांच्या फरकाने आले. बाहेरच्यांनी ही बातमी वाचली आणि विसरले, पण आमच्या मंडळीत त्या पंधरा दिवसांत जे झालं ते अजून निस्तरतोय. कोणी म्हणे नोटा म्हणजे जबाबदारी टाळणं, कोणी म्हणे निवडायलाच ठेवलं नाही तर अजून काय करणार, आणि कोणी सरळ म्हणे की काम झालंय, रस्ते झालेत, शहर स्वच्छ आहे, मी भाजपलाच देणार.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी रात्री अकरा वाजता मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की मी भाजपला मत देणार आहे आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. मी खाली लिहिलं, "असं मत देणारा विश्वासी असूच शकत नाही," म्हणजे तो खरा ख्रिस्तीच नाही. या काकांनी मला संडे स्कूलमध्ये शिकवलंय, प्रभूची प्रार्थना मी त्यांच्याकडून पाठ केली. दुसऱ्या दिवशी ते शेवटच्या बाकावर बसले, उपासनेचा शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आधीच उठून गेले, आणि दुपारी ग्रुप सोडला.

त्यानंतर मी जे शिकले, थोडं वाचून, थोडं लोकांशी बोलून आणि बरंचसं काकांच्या घरी जाऊन, ते इथे लिहिते. तुमच्याकडे अजून एवढं ताणलं नसेल तर उत्तमच, आत्ताच वापरा.

भांडण नक्की कशावर आहे ते आधी शोधा

आपण तीन गोष्टींची खिचडी करतो. एक म्हणजे विश्वास काय सांगतो, गरिबाची बाजू घ्या, खोटं बोलू नका, परक्याला जागा द्या, यावर मंडळीत कोणाचं दुमत नसतं. दुसरी म्हणजे प्रत्यक्षात काय घडलं, कायदा काय म्हणतो, ही तपासून बघता येते. तिसरी म्हणजे मग मत कोणाला, हा ज्याचा त्याचा अंदाज. आवाज चढला की थांबून विचारा की आपण आत्ता यातल्या कशावर भांडतोय. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दुसरीवर असतं, आणि दोन्ही बाजूंनी काही वाचलेलं नसतं.

धर्मांतरावर बंधनं घालणाऱ्या कायद्याचंच बघा, आमच्या एमपीत सगळ्यात जास्त यावरून पेटतं. मी पण समजत होते की हे सगळं अलीकडचं आहे. मग तारखा लिहून काढल्या. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी नियोगी समिती १९५४ साली नेमली, तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं, अहवाल १९५६ चा. धर्म स्वातंत्र्य अधिनियम १९६८ चा, तो संयुक्त विधायक दलाच्या, म्हणजे विरोधी पक्ष आणि काँग्रेस सोडून आलेले यांच्या आघाडीच्या, सरकारने आणला. १९७७ साली स्टॅनिस्लॉसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. हिमाचलमध्ये असाच कायदा २००६ मध्ये काँग्रेसने केला. आणि २०२१ चा आमचा नवा कायदा भाजपच्या सरकारने आणला, तो जुन्यापेक्षा खूप कडक आहे, धर्म बदलणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्या धर्मगुरूने दोघांनी ६० दिवस आधी कलेक्टरला कळवायचं, शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. आता एवढं टेबलावर ठेवलं की काय होतं, "हे फक्त यांनीच केलं" म्हणणारा पण थांबतो आणि "यात काही विशेष नाही, सगळे सारखेच" म्हणणारा पण थांबतो. एकमत होत नाही, पण आवाज खाली येतो. म्हणून पहिलं काम हे करा, ज्या मुद्द्यावर तुमच्याकडे भांडण आहे त्याच्या तारखा एका कागदावर लिहा, आणि दोन वेगळ्या मतांच्या माणसांनी मिळून लिहा, एकट्याने लिहिलं तर दुसरी बाजू तो कागद मानत नाही.

ग्रुपवर येणाऱ्या अमेरिकेच्या व्हिडिओंचं काय करायचं, तर पुढे पाठवू नका. तिकडे गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मतदारांपैकी दहातले साधारण आठ ट्रम्पच्या बाजूने जातात आणि काळ्या लोकांच्या चर्चमधले बहुतेक डेमोक्रॅट्सना देतात, बायबल दोघांचं एकच. त्यांचे प्रश्न त्यांच्या इतिहासातून आलेत, आपण ते उचलून इथे आणले की आपल्याच भावाला कुठलातरी परका शिक्का लावून मोकळे होतो.

वचन काढताना

आमच्याकडे एक जण बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय काढतो, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, आणि दुसरा लगेच प्रकटीकरणाचा १३वा काढतो, तिथे राजसत्ता म्हणजे श्वापद. दोघंही खोटं बोलत नाहीत. यावर आम्ही एक नियम केलाय की ज्याने एक ओवी काढली त्याने तो अख्खा अध्याय आणि पुढचा अध्याय मोठ्याने वाचायचा, घाई करायची नाही. रोमकरांसच्या १३ नंतर १४ येतो, आणि त्यात रोमच्या मंडळीत काय चाललं होतं ते आहे, कोणी फक्त भाजीपाला खायचा, कोणी सगळं खायचा, खाणारा न खाणाऱ्याला तुच्छ मानायचा आणि न खाणारा खाणाऱ्याला दोष लावायचा. इंदूरमध्ये हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, इथे भाड्याने घर बघायला गेलं की पहिला प्रश्न तोच असतो. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने तिथे कोणालाही मंडळीतून काढलं नाही, दोघांना एका टेबलावर ठेवलं. मी शनिवारी रात्री जे लिहिलं होतं ते या अध्यायाच्या सरळ उलट होतं, आणि हे मला कोणी दाखवलं नाही, वाचताना माझंच मला दिसलं.

आपण पहिल्यांदाच असं भांडतोय असंही नाही. १९३१ साली लंडनच्या गोलमेज परिषदेत भारतीय ख्रिस्ती लोकांचे दोन प्रतिनिधी होते, एस. के. दत्ता प्रोटेस्टंट, त्यांचा स्वतंत्र मतदारसंघांना (ख्रिस्ती मतदारांनीच ख्रिस्ती प्रतिनिधी निवडायचा) विरोध, आणि पन्नीरसेल्वम कॅथलिक, त्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते. पुढे संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी होते, ते स्वतः ख्रिस्ती, आणि अखेर आपल्या समाजाने राखीव जागा सोडल्या. बरोबर केलं की चूक यावर आजही आमच्या जेवणाच्या टेबलावर वाद होतो, पण दत्ता खरे ख्रिस्ती आणि पन्नीरसेल्वम खोटे असं कोणी म्हणत नाही.

पुलपिट आणि माइक

पुलपिट म्हणजे उपदेशाची जागा, इथे फार घोळ घालायचा नाही, कायदा स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३), धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचरण, आणि २०१७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते मतदाराच्या धर्मालाही लावलं. शिवाय १९८८ चा वेगळा कायदा आहे की धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामाला वापरायची नाही. तेव्हा पाळकांना गोत्यात आणू नका, "पास्टरजी, तुम्ही जरा इशारा द्या ना" असं म्हणूच नका. नाताळात नेते केक घेऊन येतात, त्यांना बसवा, चहा द्या, माइक देऊ नका, आणि दुसऱ्या पक्षाचा आला तर त्यालाही तेवढीच खुर्ची आणि तेवढाच चहा.

करता काय येतं तर मतदानाची तारीख अनाउन्स करा, ज्यांचं नाव यादीत नाही त्यांना फॉर्म ६ भरून द्या, पत्ता किंवा नाव चुकलं असेल तर फॉर्म ८, म्हाताऱ्या माणसांना बूथवर नेऊन परत आणा आणि गाडीत बसवून त्यांना पढवू नका. प्रार्थनेत मुख्यमंत्री, पंतप्रधान, विरोधी पक्ष, कलेक्टर सगळ्यांसाठी मागा. फक्त एक सांभाळा. प्रार्थनेच्या नावाखाली समोरच्याला टोमणे मारू नका, "प्रभू, आमच्यातल्या ज्यांचे डोळे अजून उघडले नाहीत" वगैरे, ज्याच्यासाठी ते म्हणता त्याला पहिल्या शब्दात कळतं आणि तो आमेन म्हणत नाही.

समोरासमोर बसणं

हेच खरं काम आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. दोघंच बसा, चर्चमध्ये नको, कोणाच्या तरी घरी, फोन दुसऱ्या खोलीत. पक्षाचं नाव पहिल्या अर्ध्या तासात घ्यायचं नाही. एकच प्रश्न विचारा, तुम्हाला भीती कशाची वाटते आणि आधार कोणाचा वाटतो. मग ऐका, आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा, तो "हो, असंच" म्हणेपर्यंत.

कारण एकाच बाकावर बसणाऱ्या लोकांचं घोडं वेगवेगळ्या ठिकाणी अडलेलं असतं. आमच्यात नगर-जालन्याकडून आलेली दलित घरं आहेत, त्यांच्यासाठी १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश हाच प्रश्न आहे, त्यात अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना, मग १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना अजून नाहीत, आणि मधल्या काळात सगळ्यांची सरकारं येऊन गेली. झाबुआकडची आदिवासी घरं आहेत, त्यांना आज धर्म बदलला तरी अनुसूचित जमातीचा दाखला राहतो, पण डीलिस्टिंगची, म्हणजे धर्म बदललेल्यांना त्या यादीतून काढायची, मागणी ऐकली की त्यांच्या पोटात गोळा येतो. केरळच्या नर्स ताई आहेत, त्यांचं गणितच वेगळं. आणि नोकरी-पेन्शनवाले आम्ही, ज्यांना यातलं काहीच थेट लागत नाही आणि तरी सगळ्यात मोठ्याने आम्हीच बोलतो.

मी काकांकडे जुलैमध्ये गेले, दोन महिने लावले जायला, हे चुकलं, तुम्ही त्याच आठवड्यात जा. काकूंनी पोहे केले होते, सेव घातलेले. मी आधी माफी मागितली, "पण" न लावता, कारण "पण" लावलेली माफी म्हणजे भांडणाचा दुसरा भाग. मग त्यांनी सांगितलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये काकूंचा ऑक्सिजन खाली गेला होता, कुठे बेड नाही, आणि गल्लीतला एक मुलगा, पक्षाचा कार्यकर्ता, रात्री दोन वाजता खांद्यावर सिलिंडर घेऊन जिने चढून आला. "त्याने विचारलं नाही बेटा आम्ही कोण." मला हे माहीतच नव्हतं, मी त्याच मंडळीत होते.

मग मी माझं सांगितलं. माझ्या मावसबहिणीच्या भाड्याच्या घरी घरसभा, म्हणजे घरातली प्रार्थना, होती, बारा-तेरा माणसं, लहान मुलं धरून, आणि खाली जमाव आला, दारावर थापा, घोषणा, दुसऱ्या दिवशी घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. तिची धाकटी अजून बेल वाजली की आईच्या मागे जाऊन उभी राहते. काका जीरावनची, पोह्यांवरच्या मसाल्याची, डबी हातात घेऊन बसले होते, झाकण लावत होते, काढत होते. म्हणाले, "हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" खरं उत्तर हे होतं की तुम्ही कोण आहात ते मी आधीच ठरवून टाकलं होतं. मी तसंच म्हटलं.

त्यांचं मत बदललं नाही, माझंही नाही. पण पुढच्या आठवड्यात ते मावसबहिणीला भेटायला गेले, आणि त्या मुलाला, त्या सिलिंडरवाल्याला, बरोबर घेऊन गेले.

गप्प कुठे बसायचं नाही

"राजकारण नको, एकी ठेवा" म्हणणारे पण असतात, त्यांचा हेतू चांगला असतो पण मला ते पूर्ण पटत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या वेळी गोऱ्यांचं डच रिफॉर्म्ड चर्च सरकारच्या बाजूने उभं होतं, आणि रोमकरांस १३ तिथेही वापरला गेला, तिथल्याच ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनी लिहिलेल्या १९८५ च्या कैरोस दस्तऐवजाने त्यावरच बोट ठेवलं. हिटलरच्या जर्मनीत १९३४ साली बार्मेन गावी जी मंडळी जमली त्यांनी लिहून दिलं की चर्चचा प्रभू एकच, कुठला नेता त्या जागी बसणार नाही. त्या वेळी गप्प राहून जी एकी टिकली असती तिचा देवाला काय उपयोग होता.

मी खूण अशी धरते. कर किती, रस्ता कोणी केला, कुठली योजना चांगली, आघाडी कोणाशी, हे सगळं मतभेदाचं, इथे हरायला शिका. पण कोणताही पक्ष, तुमचा असो की माझा, एखाद्या माणसाला माणूसच मानू नका म्हणाला, किंवा मंडळीने त्याच्यासाठी खोटं बोलावं असं त्याला वाटलं, तर तिथे बोलायचं, नाव घेऊन, आणि आपल्या बाजूच्या पक्षाबद्दल आधी बोलायचं. दुसऱ्याच्या पक्षाबद्दल बोलायला काही लागत नाही.

निकालाचा आठवडा

निकालाच्या आदल्या रात्री ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहू शकतील असं सेटिंग करा आणि दोन दिवस तसंच ठेवा. जिंकलेल्यांनी चर्चच्या गेटवर पेढे वाटायचे नाहीत, घरी वाटा. हरलेल्यांनी त्या रविवारी दांडी मारायची नाही, आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) असेल तर ज्याच्याशी वाजलं होतं त्याच्या रांगेत जाऊन बसा, लांब नको.

काका अजून ग्रुपवर परत आलेले नाहीत, म्हणतात आता नको. मंडळीचे निरोप मी त्यांना शनिवारी संध्याकाळी फोन करून सांगते, गीतांचे नंबर पण सांगते, कारण बोर्डावरचे आकडे त्यांना आता नीट दिसत नाहीत.