शॅकवरचा हंगाम बायोडाटात कसा लिहावा

फोंड्यात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. परीक्षा संपल्या की मुलं बायोडाटा टाइप करायला येतात आणि अनुभवाच्या रकान्यापाशी अडतात. ‘मावशी, तिथे फ्रेशर घाला.’ जरा खोदून विचारलं की कळतं, हा मुलगा सगळा हंगाम कळंगुटला शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीत, कामाला होता, ती मुलगी इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, स्वयंसेविका होती. कसला फ्रेशर घालते मी!

आधी हुद्दा बाजूला ठेवा. ‘वेटर’ किंवा ‘हेल्पर’ एवढ्यावरून वाचणाऱ्याला काही कळत नाही. तुमच्या हाती काय सोपवलं होतं ते सांगा: पैसे, माल की माणसं? तुम्ही एक दिवस दांडी मारली तर कोणाचं काय अडायचं? हे मराठीत नाहीतर कोंकणीत मोकळेपणी बोला, इंग्रजी मग करता येतं. थेट इंग्रजीत सुरुवात केली की प्रत्येकाच्या कागदावर तेच ‘हार्डवर्किंग’ येऊन बसतं.

शॅकवरच्या एका मुलाशी झालेलं बोलणं सांगते.

‘टेबलं किती सांभाळायचास?’
‘आठ. रविवारी जास्त.’
‘रात्री हिशेब कोण करायचं?’
‘मीच. रोख आणि क्यूआरवर आलेले पैसे बिलांशी जुळवून मालकाला द्यायचो.’

एवढं मोठं काम, आणि गडी ‘वेटर’ लिहून मोकळा! आम्ही लिहिलं: ‘आठ टेबलांच्या ऑर्डर व बिलं; रोज रात्री रोख आणि यूपीआय जमा बिलांशी जुळवणे.’ अर्ज हॉटेलात असेल तर टेबलं आधी. वेर्ण्याच्या कारखान्यात स्टोअर किंवा अकाउंट्सला असेल तर हिशेब आधी. रशियन गिऱ्हाइकांना मेनू समजावण्यापुरती रशियन येते? मग तेवढीच लिहा. भाषांच्या यादीत नुसतं ‘रशियन’ घातलंत आणि समोरच्याने दोन वाक्यं विचारली तर पंचाईत.

काजूच्या कामाची तर मुलांना लाजच वाटते. बी.कॉम.ची एक मुलगी हंगामात गावच्या बियांच्या व्यापाऱ्याकडे बसायची. बिया तोलायच्या, ओल्या निघाल्या तर बाजूला काढायच्या, त्या दिवसाच्या दराने पैसे चुकते करून वहीत मांडायचं. काल दर जास्त होता म्हणून भांडायला येणाऱ्यांनाही तीच तोंड द्यायची. खरेदी, प्रत तपासणी, रोकड, नोंदी, सगळं आलं की यात! माझ्या मते कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा हे वर जायला हवं, आणि मी ते वरच टाकलं.

इफ्फी 2004 पासून पणजीत होतो, त्यामुळे ते नाव सगळ्यांच्या ओळखीचं. पण नुसत्या नावावर विसंबू नका. सभागृह भरल्यावर ‘मला आत सोडा’ म्हणून हुज्जत घालणाऱ्याला शांतपणे थोपवणं हेही काम आहे, ते लिहा. चवथीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान विकलं, दिवाळीत पणत्यांचा स्टॉल लावला, असली चार दिवसांची कामं मात्र एका ओळीत एकत्र करा.

तारखांकडे नीट बघा. पावसाआधी शॅक मोडतात हे आपल्याला ठाऊक, पुण्या-बंगळूरच्या कंपनीला कुठून असणार? ‘ऑक्टोबर ते मे (हंगामी)’ असं लिहा, नाहीतर मुलाला मध्येच काढून टाकलं असं वाटतं. त्याच मालकाने पुढच्या वर्षी परत बोलावलं असेल तर तेही लिहा. माझ्या लेखी ती बायोडाटातली सगळ्यांत वजनदार ओळ.

हुद्दा फुगवू नका. ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ लिहा म्हणणारे माझ्याकडेही येतात. मुलाखतीत ‘हाताखाली किती माणसं होती?’ एवढं विचारलं की संपलं.

आणि मालकाचं पत्र शॅक मोडायच्या आत घ्या. लेटरहेड नसलं तरी चालतं. साध्या कागदावर शॅकचं नाव, किनारा, तारखा, काम आणि मालकाची सही पुरते. संदर्भासाठी त्याचा फोन नंबर देणार असाल तर आधी त्याला विचारा, आणि कुठल्या कंपनीतून फोन येईल तेही सांगून ठेवा. जूनमध्ये तो शेतात असतो आणि अनोळखी नंबर उचलत नाही.