वाढई, सुतार, मिस्त्री : नावाचा माग असा काढा

आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला बंडीचं (बैलगाडीचं) चाक ढिलं झालं की म्हातारी माणसं अजून म्हणतात, ‘वाढ्याले बोलाव.’ कागदोपत्री तो सुतार, आणि पोरांच्या तोंडी मिस्त्री. माझ्या बापाला ही तिन्ही नावं होती. यातलं कुठलं कुठून आलं, ते घरबसल्या शोधता येतं.

सुरुवात मात्र पारावरून करा. ‘या शब्दाचा अर्थ काय?’ असं विचारू नका. कोणीतरी ठोकून देतोच, ‘वाढवते तो वाढई.’ वाकसाखाली, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराखाली, लाकूड वाढताना मी तरी पाहिलं नाही! ‘डवऱ्याचा (कोळपणीच्या अवजाराचा) दांडा कोन बसवते?’ असं विचारा आणि येईल तो उच्चार जसाच्या तसा लिहून घ्या.

मग कोश. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळते. जोडीला कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश असू द्या.

खरी गंमत उच्चारांच्या वाटेत आहे. संस्कृत कर्म, प्राकृत कम्म, मराठी काम : जोडाक्षर आधी दुहेरी होतं, मग त्यातलं एक गळतं आणि मागचा स्वर लांबतो. त्याच वाटेनं वर्धकि, वड्ढइ, वाढई. हिंदीत ‘व’चा ‘ब’ झाला, म्हणून तिकडे बढई. अमरकोशात सुताराच्या नावांत ‘वर्धकि’ आहेच, आणि त्यातला ‘वर्ध’ वाढण्याचा नाही, कापण्याचा आहे.

सुतार आला सूत्रधारावरून, म्हणजे सूत धरणारा. गेरूत भिजवलेली दोरी फळीवर ताणायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची; फट् करून सरळ तांबडी रेघ उठते आणि करवत त्या रेघेवरून चालते. बाप ती दोरी कोणाला हात लावू देत नसे.

मिस्त्री पोर्तुगीजांचा. त्यांचा ‘मेस्त्र’ लॅटिन ‘मागिस्तर’वरून आला, आणि इंग्रजीमार्गे आलेला आपल्या शाळेचा मास्तरही त्याच घरातला.

एक सांभाळा. आमच्याकडे खाती म्हणजे लोहार, पण राजस्थानात खाती म्हणजे सुतार. म्हणून वहीत प्रत्येक शब्दाशेजारी गाव आणि तालुका लिहा, सांगणारा काय काम करतो तेही लिहा.