जुन्या बेसबॉल कार्डांचे टेबल लावायचे असेल तर

अमेरिकेतील संग्राहकांच्या शोमध्ये, म्हणजे विक्रीच्या प्रदर्शनात, जुन्या क्रीडा कार्डांचा (खेळाडूंची चित्रे छापलेल्या कार्डांचा) डीलर म्हणून टेबल लावायचे, तर आपण कोणत्या काळातला माल विकणार हे सर्वांत आधी ठरवावे लागते. बेसबॉलच्या कार्डांत 'व्हिंटेज' म्हणजे साधारणपणे १९८० पर्यंतची छपाई असे मानले जाते आणि त्याला व्यापारी कारण आहे. १९५६ मध्ये कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीने बोमन ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर जवळजवळ पाव शतक हा बाजार तिच्या एकटीच्या हातात राहिला. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या स्पर्धेत उतरल्या, छपाई वाढत गेली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धातील कार्डे इतक्या प्रचंड संख्येने निघाली की त्यांतील बहुतेकांना आजही फारशी किंमत येत नाही. अशा कार्डांचे खोके स्वस्तात मिळतात म्हणून नवा डीलर त्यांनीच टेबल भरतो आणि जुन्या मालाचे गिऱ्हाईक दुरूनच पुढे निघून जाते. त्यापेक्षा माल थोडा असावा, पण एका धाटणीचा असावा.

टेबलाचे भाडे भरण्यापूर्वी दोन कागदोपत्री गोष्टी उरकाव्यात. बहुतेक राज्यांत एका दिवसाच्या शोसाठीसुद्धा विक्रीकराची नोंदणी किंवा तात्पुरता परवाना लागतो आणि त्याचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून आयोजकाकडे आणि राज्याच्या करखात्याकडे आधीच विचारणा करावी. दुसरी गोष्ट आपल्याकडून तिथे नोकरीसाठी गेलेल्यांच्या विशेष कामाची आहे. एच-१बी व्हिसावर फक्त ज्या कंपनीने अर्ज केला तिचेच काम करण्याची मुभा असते. स्वतःच्या संग्रहातली दोन कार्डे विकणे आणि नियमितपणे टेबल लावून धंदा करणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, तेव्हा इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आता या धंद्याच्या गाभ्याकडे, म्हणजे कार्डाच्या अवस्थेकडे वळू. १९५२ च्या टॉप्स संचातील मिकी मँटल या बेसबॉलपटूचे ३११ क्रमांकाचे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलर्सना विकले गेले, कारण ती प्रत जवळजवळ निर्दोष होती. घड्या पडलेली, कोपरे झिजलेली प्रत त्या रकमेच्या अगदी छोट्या अंशाला जाते. म्हणून प्रत्येक कार्ड चांगल्या प्रकाशात, भिंगाखाली, दोन्ही बाजूंनी तपासावे. चार कोपरे, कडा, चित्र समासांच्या मधोमध बसले आहे की एका बाजूला सरकले आहे, पृष्ठभागावरची बारीक सुरकुती आणि मागच्या बाजूवरचे पाकिटाच्या मेणाचे, च्युइंग गमचे किंवा पेन्सिलीचे डाग हे सगळे पाहावे. मागच्या बाजूकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जुन्या काळी मुले ही कार्डे वहीत खळ लावून चिकटवत आणि नंतर ती उचकटताना मागचा कागद निघून येई. समोरून देखणे दिसणारे कार्ड त्यामुळे कितीतरी खाली उतरते.

दोष लपवण्यासाठी केलेली कारागिरी ओळखता येणे हे डीलरचे कर्तव्यच आहे. कडा कापून कोपरे टोकदार केले असतील, तर कार्ड मापाला कमी भरते, म्हणून त्याच संचातील एखादे साधे कार्ड शेजारी ठेवून तुलना करावी. मात्र त्या काळातील कारखान्यातली कापणीही थोडीफार कमीजास्त असे, त्यामुळे केवळ मापावर निकाल न देता कडेचा पोतही पाहावा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कार्डांसाठी अतिनील दिवा जवळ बाळगावा. कागद उजळ दिसावा म्हणून घातली जाणारी रसायने त्या काळानंतर वापरात आली, त्यामुळे १९०९ ते १९११ मधील टी२०६ संचाचे म्हणून दाखवलेले कार्ड दिव्याखाली निळसर पांढरे चमकू लागले, तर ते घेऊ नये. १९५२ च्या संचाची पुनर्छपाई टॉप्सनेच १९८३ मध्ये केली होती. तिचे माप अडीच बाय साडेतीन इंच आहे, तर मूळ कार्डे त्याहून मोठी आहेत. एवढे लक्षात ठेवले तरी नवशिक्यांची एक नेहमीची फसगत टळते.

पीएसए किंवा एसजीसी यांसारख्या संस्थांनी एक ते दहा अशी श्रेणी (दहा म्हणजे सर्वोत्तम) देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेले कार्ड, ज्याला या व्यवसायात स्लॅब म्हणतात, विकायला सोपे जाते. तरीही आपली नजर गहाण टाकू नये. टी२०६ मधील होनस वॅग्नर या खेळाडूच्या सर्वांत प्रसिद्ध कार्डाला पीएसएने आठ श्रेणी दिली होती आणि त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. स्लॅबमध्ये नसलेल्या 'रॉ' कार्डावर तर डीलरचा शब्द हीच श्रेणी असते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, गिऱ्हाईकाने कार्ड हातात घेण्यापूर्वीच त्यातील दोष आपण होऊन दाखवावा आणि तो किमतीच्या चिठ्ठीवरही लिहावा. त्या दिवशी एखादी विक्री हुकेल, पण या छंदातली माणसे वर्षानुवर्षे त्याच त्या शोमध्ये भेटतात आणि कोणाच्या टेबलावर निर्धास्तपणे घ्यावे हे ती एकमेकांना सांगतात.

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले भाव पाहू नयेत. त्याच श्रेणीचे कार्ड अलीकडे प्रत्यक्षात कितीला विकले गेले, एवढेच प्रमाण मानावे. प्रत्येक कार्डावर किंमत लिहिलेली असावी, कारण संकोची माणूस विचारत नाही, तो निघून जातो. घासाघीस होणारच, म्हणून थोडी जागा ठेवावी आणि प्रत्येक कार्डाचा खालचा भाव आदल्या रात्रीच स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा, म्हणजे गर्दीत मन डळमळत नाही. भवानीच्या गिऱ्हाईकाला चार पैसे सोडायला हरकत नाही. महाग कार्डे कुलपाच्या काचपेटीत ठेवावीत, पण साध्या खेळाडूंची कार्डे वर्ष आणि क्रमांक यांनुसार खोक्यांत लावावीत. संच पूर्ण करणारे संग्राहक हातात यादी घेऊन येतात, शांतपणे बसून वीस-पंचवीस कार्डे निवडतात आणि पुढच्या शोलाही येतात. माझ्या मते टेबलाचा खरा आधार तेच असतात.

विक्रीइतकीच खरेदीही टेबलावरच होते, म्हणून रोकड जवळ हवी. आजोबांचा आल्बम घेऊन येणाऱ्या माणसाला त्यातील मौल्यवान कार्ड कोणते हे स्पष्ट सांगावे आणि आपला खर्च व नफा धरून आपण कमी का देत आहोत हेही सांगावे. त्याचे अज्ञान ही आपली कमाई होऊ देऊ नये. एका व्यवहारात दहा हजार डॉलर्सहून अधिक रोख मिळाल्यास १५ दिवसांच्या आत फॉर्म ८३०० भरून केंद्रीय करखात्याला (आयआरएस) कळवावे लागते.

मांडामांड आणि आवराआवर करताना लक्ष विचलित होते, त्यामुळे या दोन्ही वेळांना टेबलाशी दोन माणसे असावीत. माल गाडीत असताना वाटेत जेवायला थांबू नये. घराच्या नेहमीच्या विम्यात धंद्याचा माल सहसा धरला जात नाही, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा. विकलेल्या प्रत्येक कार्डाची खरेदी किंमत, विक्री किंमत आणि तारीख त्याच रात्री वहीत उतरवावी, कारण डीलरच्या नफ्यावर नेहमीच्या उत्पन्नाप्रमाणे कर लागतो आणि खरेदीची नोंद नसेल, तर कर भरताना ती किंमत वजा करून मागणे कठीण जाते.