नाटक चोरलं म्हणून दावा लावताय? या चुका टाळा

जत्रांचे दिवस आले की गोव्यातल्या नाटककाराला कुणीतरी सांगतंच, ‘तुझं नाटक अमक्या गावात लागलंय.’ परवानगी नाही, मानधन नाही. मग तो सरकारकडे अर्ज करतो आणि वाट बघत बसतो. हीच पहिली चूक. कॉपीराइटचा दिवाणी दावा सरकार तुमच्यासाठी लावत नाही. तो हक्काच्या मालकाने किंवा एकमेव परवानाधारकाने लावायचा असतो. अमेरिकेत सरकारी वकिलांना असे दावे लावू देणारं विधेयक २००४ साली सिनेटने मंजूर केलं होतं, पण त्याचाही कायदा झाला नाही.

पोलिसांत जाता येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. पण फौजदारी खटल्यातून शिक्षा होते, बुडालेलं मानधन वसूल होत नाही. मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब हवा असेल तर दिवाणी दावाच लागतो.

दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण तिच्यापायी गावाशी वैर येतं. कलम ५२ नीट वाचा. हौशी मंडळाने तिकीट न लावता, किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी, प्रयोग केला तर तो उल्लंघन ठरत नाही. आपली जत्रेतली कितीतरी नाटकं याच सवलतीत बसतात. अशा मंडळाला वकिलाची नोटीस धाडलीत, तर बिनबुडाची धमकी दिली म्हणून कलम ६० खाली तेच तुमच्यावर दावा लावू शकतात. त्याच प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर चढवलं, तर गोष्ट वेगळी. सवलत प्रयोगापुरती आहे, चित्रफितीला नाही. भाड्याची कंपनी तिकीट लावून खेळ करत असेल तर मात्र मागे हटू नका.

कॉपीराइटची नोंदणी नाही म्हणून गप्प बसू नका. नाटकाची संहिता लिहिताच हक्क मिळतो, नोंदणी हा फक्त पुरावा. तारखेसह हस्तलिखित, तालमीची पत्रकं, जाहिराती जपा. भरपाईची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं.

कंपनी मुंबईची असली तरी दावा तुमच्या जिल्ह्यात लावता येतो. रक्कम तीन लाखांच्या वर आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळलीत तर दावा फेटाळला जातो.

सरकारी परिपत्रकावर विसंबणंही धोक्याचं. लग्नातल्या संगीताबद्दल गोवा सरकारने २०२४ साली काढलेलं परिपत्रक उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केलं.