झाडी साफ करण्यासाठी कोयता कसा निवडावा

पाऊस ओसरेपर्यंत काजूच्या बागायतीत रानमोडी डोक्याच्या वर गेलेली असते, आणि बोंडू गळू लागण्यापूर्वी झाडाखालची जमीन दिसू लागली पाहिजे, कारण पालापाचोळ्यात पडलेली बी सापडत नाही. या कामासाठी कोयता घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार दोनच गोष्टी दाखवतो, वजन आणि चकाकी. जड कोयता चांगला, हा सल्ला तर मी निदान पन्नास जणांकडून ऐकला आहे. तो देणाऱ्यांपैकी कोणी सलग चार तास कोयता चालवला असेल, असे मला वाटत नाही.

प्रथम आपल्या जमिनीत काय वाढले आहे ते पाहावे. रानमोडी, गवत आणि वेली यांसाठी पातळ आणि लांब पाते हवे, कारण तिथे पात्याचा वेग कापतो, वजन नव्हे. परदेशी पद्धतीचे १८ ते २४ इंचांचे सरळ पाते, ज्याला मॅचेटी म्हणतात, ते याच कामासाठी बनलेले आहे. मात्र घाणेरीची जुनी खोडे, करवंदीची जाळी आणि काजूच्या सुक्या फांद्या असतील, तर ते पाते लाकडावर उसळते. तिथे आपला जाड पाठीचा, टोकाला पुढे वळलेला कोयताच घ्यावा. टोकाचा बाक केवळ परंपरेने आलेला नाही. वेल त्यात अडकवून ओढता येते, आणि जमिनीलगत घाव घालताना धारेऐवजी बाकाची पाठ दगडाला आधी लागते. आपल्याकडे जिथे तिथे जांभा वर आलेला असल्यामुळे हा फायदा लहान समजू नये.

वजन हात आडवा धरून पाहावे. अर्धा मिनिट धरल्यावर मनगट थरथरू लागले, तर तो कोयता परत ठेवावा.

आता पाण्याविषयी, म्हणजे लोहाराने तापवून आणि बुडवून धारेला दिलेल्या कडकपणाविषयी. याच ठिकाणी मी दोनदा फसलो आहे. पहिला कोयता एका आठवडी बाजारात घेतला. तो आरशासारखा चमकत होता, आणि घाणेरीच्या तिसऱ्या खोडावर त्याची धार कागदाच्या कडेसारखी दुमडली. तो साध्या पत्र्याचा होता. पोलादात कार्बन फारच कमी असेल, तर ते कितीही लाल करून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही. त्यामुळे धडा शिकल्याच्या थाटात मी दुसऱ्या वेळी मिळेल तितका कडक कोयता शोधला. कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरत होती, आणि मला त्याचा अभिमान वाटला. आठवड्याभरात तो चिऱ्यावर आपटला आणि धारेचा अर्धचंद्राकृती तुकडा उडून माझ्या गुडघ्याच्या बाजूने गेला. तेव्हापासून मी कडकपणाची स्तुती ऐकली की सावध होतो.

गाडीच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून लोहार जो कोयता घडवतो, त्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, आणि हे पोलाद या कामाला उत्तम आहे. ते लाल करून थंड केले की कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून थोडे मऊ करावे लागते. घासून उजळ केलेल्या पोलादावर त्या वेळी आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. पिवळा साधारण २२० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. कोयत्याची धार जांभळ्याच्या जवळपास थांबवावी, असे माझे मत आहे. अडचण इतकीच की, घासून चकचकीत केलेल्या मालावर हा रंग उरत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला कानशीवरच विसंबावे लागते.

खिशात बारीक दातांची नवी कानस घेऊन जावे. जुनी चालणार नाही. ती सगळ्याच कोयत्यांवर घसरते आणि सगळेच कडक भासतात. धारेवर ती हलक्या हाताने चालवावी. लोण्यात रुतावी तशी रुतली, तर पत्रा आहे. अजिबात चावली नाही, तर कोयता ठिसूळ आहे. थोडा जोर लावल्यावर चावून बारीक कीस निघाला, तर पाणी बरोबर आहे. हे मुठीजवळ, मध्ये आणि बाकावर असे तीन ठिकाणी पाहावे, कारण घाईत बुडवलेल्या पात्याला सगळीकडे सारखे पाणी बसत नाही. त्यानंतर पाठीवर कानस फिरवावी. तिथे ती सहज चावली पाहिजे, कारण पाठ धारेइतकीच कडक असेल, तर घावाचा धक्का सोसायला पात्यात काहीच उरत नाही. शेवटी पाते दोन बोटांत सैल धरून टिचकी मारावी. स्वच्छ खणखणीत नाद यावा. बद्द आवाज आला, तर कुठेतरी चीर आहे किंवा मूठ ढिली आहे. दुकानदार कानस लावू देत नसेल, तर तिथून निघावे. वाद घालू नये.

मूठ लाकडाचीच घ्यावी. घामाने प्लास्टिक निसटते. पात्याचे शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागे वाकवलेले असावे.

दुकानात फुकट धार लावून देतात, ती नाकारावी. सुक्या ग्राइंडरवर धारेची कड क्षणात निळी पडते, म्हणजे लोहाराने दिलेले पाणी तेवढ्या भागातून उतरते, आणि ती कड मागे घासून काढेपर्यंत कोयता टिकाऊ धार धरत नाही. माझ्या तिसऱ्या आणि आजवरच्या सर्वांत चांगल्या कोयत्याची एका दुकानात अशीच वाट लागली, आणि मी तिथेच उभा राहून ते पाहत होतो. घरी कानशीने आणि नंतर ओल्या दगडाने धार लावावी. वर्षानुवर्षे घासून धार जाड झाली की लोहाराकडून कोयता शेवटून, म्हणजे धार तापवून आणि ठोकून पुन्हा पातळ करून आणावा, आणि आणल्यावर कानशीची परीक्षा पुन्हा करावी, कारण भट्टीत गेलेल्या पात्याचे पाणी नव्याने दिलेले असते.