उपनगरातली बस फास्ट करायचीये? नव्या गाड्या मागण्याआधी हे करा

बससाठी निवेदन द्यायचं म्हटलं की आपली पहिली मागणी ठरलेली, गाड्या वाढवा. मी पण दोन वर्षं सोसायटीच्या लेटरहेडवर सह्या गोळा करून तेच मागत होतो, मग एकदा डेपोतल्या एका जुन्या कंट्रोलरनी (गाड्या वेळेवर सोडणारा माणूस) मला तिकिटाच्या पाठकोऱ्या कागदावर एक हिशोब करून दाखवला आणि तेव्हापासून माझी मागणीच बदलली. तो हिशोब आधी समजून घ्या.

समजा रूट १६ किलोमीटरचा आहे आणि गर्दीच्या वेळी एका बाजूला ७० मिनिटं लागतात. जाऊन येऊन १४०, शिवाय दोन्ही टोकांना चहापाणी, बाथरूम, गाडी वळवणं यासाठी १०-१० मिनिटं, म्हणजे एक गाडी फिरून परत पहिल्या जागी यायला १६० मिनिटं. रूटवर १६ गाड्या असतील तर दर १० मिनिटाला एक मिळते. आता एका बाजूची १६ मिनिटं वाचवा, ७० ची ५४ करा, की पूर्ण चक्कर १२८ मिनिटांची होते आणि त्याच १६ गाड्या, तेच ड्रायव्हर दर ८ मिनिटाला मिळतात. नवीन गाडी एकही नाही. उलटं पण तितकंच खरंय, ट्रॅफिकमुळे चक्कर लांबली की नव्याने आलेल्या गाड्या त्या जाममध्येच जिरून जातात आणि स्टॉपवर उभ्या माणसाला काहीच फरक कळत नाही.

म्हणून पहिलं काम, मिनिटं कुठे जातात ते शोधणं. सकाळची तुमची नेहमीची बस पकडा, खिडकीजवळ बसा, वहीत तीन रकाने करा: गाडी चालू, गाडी स्टॉपवर, गाडी सिग्नलला किंवा जाममध्ये. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. एका दिवसावर जाऊ नका, किमान आठ-दहा फेऱ्या करा, त्यात सोमवार सकाळ आणि पावसाचा एखादा दिवस हवाच. आमच्या रूटवर मला वाटायचं की सगळा वेळ मोठ्या चौकातल्या सिग्नलला जातो, पण नोंदी केल्यावर दिसलं की चौकाच्या अलीकडचा स्टॉप खरा घोळ आहे. स्टॉपच्या तोंडाशी रिक्षा उभ्या, त्यामुळे बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते, माणसं रस्त्यात उतरून धावत चढतात, मागचे हॉर्न वाजवतात, आणि बस निघेपर्यंत पुढचा सिग्नल लाल झालेला असतो. म्हणजे एका स्टॉपमुळे एक अख्खा सिग्नल जातो! असा स्टॉप चौक ओलांडल्यावर पलीकडे हलवला तर बस हिरव्यातच चौक पार करते आणि मग निवांत थांबते. याला लागतो एक खांब, एक शेड आणि थोडा पांढरा पट्टा.

स्टॉप किती आहेत ते पण मोजा. १६ किलोमीटरला ४५ स्टॉप असतील तर दर साडेतीनशे मीटरला ब्रेक. त्यातले १५ एकमेकांत मिसळून ३० केले, आणि प्रत्येकी अर्धं मिनिट धरलं, तरी साडेसात मिनिटं सुटतात. पण इथे घाई नको. दवाखाना, शाळा, भाजी मंडई, चढाचा रस्ता, असे स्टॉप सोडून हात घाला आणि तिथे रोज चढणाऱ्या लोकांशी आधी बोला, नाहीतर तुमच्याच वस्तीतले लोक विरोधात उभे राहतील, आणि ते चुकीचे नसतील. अजून एक मोह टाळा, तो म्हणजे त्याच गाड्यांमधनं वेगळी एक्सप्रेस काढणं. १६ पैकी ८ एक्सप्रेसला दिल्या की साध्या बसची वाट बघणं दुप्पट होतं आणि एक्सप्रेसची पण फ्रीक्वेन्सी धड राहत नाही. सगळ्याच गाड्या थोड्या फास्ट झालेल्या बऱ्या.

आता लेन, म्हणजे फक्त बससाठी राखलेली. आपल्याकडे पुण्याने हे सगळ्यात आधी करून बघितलंय, कात्रज-स्वारगेट-हडपसर, डिसेंबर २००६, देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बसला वेगळी लेन आणि स्वतःची स्टेशनं देऊन चालवायचा प्रयोग. त्यातनं शिकण्यासारखं भरपूर आहे. रस्त्याच्या मधोमध बसची लेन आखली पण तिथपर्यंत माणसाने पोचायचं कसं याची सोय मागे राहिली, आणि लेन मोकळी दिसली की दुचाक्या आत शिरल्या. पुढे २०१५ मध्ये रेनबो बीआरटी आली, संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी-किवळे, तेव्हा बंदिस्त स्टेशन, गाडीच्या फ्लोअरच्या उंचीचा प्लॅटफॉर्म आणि उजव्या बाजूला दार असलेल्या गाड्या असं नीट जोडून केलं. अहमदाबादने ऑक्टोबर २००९ मध्ये आरटीओ ते पिराणा साडेबारा किलोमीटरपासून सुरुवात केली, तिकीट स्टेशनातच काढायचं, मग बस आली की फक्त चढायचं. दिल्लीत २००८ साली ५.८ किलोमीटरचा तुकडा झाला, गाडीवाल्यांचा विरोध पहिल्या दिवसापासून होता आणि २०१६ मध्ये तो काढून टाकला. पुण्यातही २०२३ मध्ये नगर रोडवरची लेन काही भागात काढली गेली. लेन टिकवायची असेल तर ती भरलेली दिसली पाहिजे. रिकामी लेन बाजूच्या जाममधल्या माणसाला रोज टोचते आणि त्याचा राग मी समजू शकतो.

म्हणून अख्ख्या १६ किलोमीटरची लेन मागू नका. तुमच्या वहीत सगळ्यात जास्त मिनिटं खाणारे दोन-तीन किलोमीटर बघा आणि त्यातही तो तुकडा धरा जिथे चार-पाच रूट एकत्र येतात. तिथे तासाला ६० गाड्या आणि गाडीत सरासरी ५० माणसं असतील तर त्या एका लेनमधनं ३००० माणसं जातात. शेजारच्या लेनमधली माणसं (वाहनं नाही, माणसं) पंधरा मिनिटं उभं राहून मोजा, चारने गुणा आणि दोन्ही आकडे एका कागदावर लिहा. मीटिंगमध्ये भाषणापेक्षा हा कागद जास्त काम करतो.

क्रॉसिंगचं मात्र लेनच्या आधी करून घ्या, याबाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. स्टेशन रस्त्याच्या मध्ये असलं की प्रत्येक प्रवासी अर्धा रस्ता ओलांडतो, जाताना पण आणि येताना पण. एकदा एक आजी हातात दुधाची पिशवी घेऊन डिव्हायडरच्या कडेला उभ्या होत्या, बस समोर लागलेली, मधे फक्त एक लेन, आणि दुचाक्या थांबतच नव्हत्या. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की पलीकडे गेल्यावरही सोडेनात. बस त्यांच्यासमोर गेली. उंच केलेलं क्रॉसिंग, पादचाऱ्यांचा सिग्नल आणि निदान पहिले काही महिने दोन्ही बाजूंना वॉर्डन, एवढं लेखी मिळेपर्यंत मधल्या लेनला हो म्हणू नका. जागा नसेल तर सरळ डाव्या कडेची लेन घ्या, पार्किंग हटवून.

चढण्या-उतरण्यात पण बरीच मिनिटं आहेत. सुरुवातीच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधीच कंडक्टरने तिकिटं फाडली, गर्दीच्या स्टॉपवर क्यूआरवर पैसे घेणारा एक माणूस खाली उभा केला, की गाडी निघायला वेळ लागत नाही. प्लॅटफॉर्म असेल तर ड्रायव्हरला गाडी अगदी चिकटवून लावायची प्रॅक्टिस हवी, वीतभर फट राहिली तरी लहान मूल घेतलेली बाई बिचकते आणि मागची सगळी रांग थांबते.

मग येतो जोडीने येणाऱ्या गाड्यांचा प्रश्न. दर १० मिनिटाला एक गाडी असेल तर सरासरी ५ मिनिटं वाट बघावी लागते, पण त्याच गाड्या दोन-दोन करून २० मिनिटांनी आल्या तर सरासरी १० होते, वर पहिली खच्चून भरलेली आणि दुसरी रिकामी. यावर उपाय म्हणजे मधल्या एखाद्या मोठ्या स्टॉपवर कंट्रोलरने मागची गाडी दोन-तीन मिनिटं धरून ठेवणं. जीपीएसवर गाड्या दिसतातच, फक्त टाइमटेबलऐवजी दोन गाड्यांमधलं अंतर बघून सोडायचं. आणि टोकावरची ती १० मिनिटं कधीही कापू देऊ नका, ड्रायव्हरला लघवीला जायला वेळ नसेल तर तुमचं कुठलंही टाइमटेबल टिकणार नाही.

हे सगळं मागायचं कोणाकडे, यात लोक थकतात. पुण्याचंच घ्या, बस चालवते पीएमपीएमएल, जी २००७ मध्ये पीएमटी (पुण्याची बससेवा) आणि पीसीएमटी (पिंपरी-चिंचवडची) एकत्र करून झाली आणि जिच्यात पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. रस्ता आणि फुटपाथ महापालिकेचा. सिग्नल आणि पार्किंगवरची कारवाई वाहतूक पोलिसांची. एकाकडे अर्ज दिला की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि त्याचंही बरोबर असतं. म्हणून तिघांना त्या चौकात, सकाळी नऊ वाजता, एकत्र बोलवा, नगरसेवकाला मध्ये घ्या, ऑफिसातली मीटिंग नंतर. त्याआधी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून ठेवा, तुमच्या रूटच्या ठरलेल्या फेऱ्या किती आणि प्रत्यक्षात झाल्या किती, महिनावार. उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते.

आणि कायमचं बांधकाम मागू नका, तीन महिन्यांची ट्रायल मागा, बॅरिकेड लावून. हो म्हणणं साहेबांना पण सोपं जातं, चुकलं तर बॅरिकेड उचलता येतात. ट्रायल संपली की तीच सकाळची बस, तेच तीन रकाने, तेवढ्याच फेऱ्या. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट दिवस पण लिहा, कारण लोक घरातनं निघताना वाईट दिवस धरूनच निघतात. ट्रायलच्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही नोंदींची एक प्रत डेपोतल्या कंट्रोलरला नक्की द्या, वाचलेल्या मिनिटांत जादा फेरी बसवायची की गाडी नुसतीच स्टँडवर उभी राहणार, हे शेड्यूल लावताना तिथेच ठरतं.