इनडिझाइनमधले फोटो गायब व्हायचे, ते कसं थांबलं

धरमपेठेतल्या आमच्या स्टुडिओत इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, संत्रा बर्फीचा दिवाळी कॅटलॉग सुरू होता. सगळे फोटो डॅममध्ये, म्हणजे फोटो-लोगोंच्या सामायिक भांडारात. विंडोजवर ते ड्राइव्हसारखं दिसतं. माझ्याकडे फाइल नीट उघडायची. शेजारच्या दादाकडे मात्र लिंक्स पॅनलमध्ये, म्हणजे लावलेल्या फोटोंच्या यादीत, लाल प्रश्नचिन्हांची रांग. म्हणजे फोटो सापडत नाहीत.

इनडिझाइन फोटो पोटात घेत नाही, त्याचा पत्ता तेवढा लक्षात ठेवतं. माझ्याकडे तो ड्राइव्ह जी नावाने, दादाकडे एच. मग सापडणार कसा? सगळ्या मशिनींवर एकच अक्षर ठरवलं आणि 'रीलिंक टू फोल्डर'ने जुन्या फाइली जोडून घेतल्या.

दुसरी भानगड नावाची. नवा फोटो 'बर्फी फायनल २' म्हणून चढवला, की लिंक जुन्यालाच धरून बसते. आता त्याच नावावर नवी आवृत्ती चढवतो. पॅनलमध्ये पिवळा त्रिकोण येतो, त्यावर डबल क्लिक केलं की नवा फोटो हजर. सरळ एम्बेड करा, म्हणजे फोटो फाइलच्या पोटातच घाला, असं बरेच जण सांगतात. मला नाही पटत. फाइल जड होते आणि भांडारातला बदल तिच्यापर्यंत पोचतच नाही. प्रेसला देताना मात्र पॅकेज करूनच, म्हणजे फाइल, फोटो आणि फाँट एका फोल्डरमध्ये गोळा करूनच देतो.